डोंगर-झाडीतला डिस्क गोल्फ: आधी डिस्क कुठे थांबणार ते ठरवा

सपाट बागेत वर्षभर डिस्क गोल्फ खेळलं, की माणसाला वाटायला लागतं आपल्याला खेळ येतो. मग कुणीतरी त्याला कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या डेलाव्हिएगा कोर्सवर घेऊन जातं. माझं तसंच झालं. सॅन होजेहून सतरा नंबरच्या हायवेने डोंगर ओलांडून गेलो. झाडांना किती वेळा डिस्क लागली ते मोजणं मी दहाव्या होलनंतर सोडून दिलं. दोन डिस्क हरवल्या. तिसरी बास्केटपासून तीन पावलांवर पडली, क्षणभर विचार केल्यासारखी कडेवर उभी राहिली आणि सायकलचं सुटलेलं चाक निघावं तशी उतारावरून निघून गेली. सापडली ती पन्नास मीटर खाली, वाळक्या पानांत.

गाडीत बसल्यावर लेक म्हणाली, "बाबा, तू झाडाकडे बघून फेकतोस. म्हणून झाडाला लागते." ती तेव्हा बारा वर्षांची होती. पुढची तीन वर्षं त्या कोर्सवर मी जे शिकलो त्यातलं निम्मं या एका वाक्यात होतं. उरलेलं निम्मं खाली लिहितो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. गोल्फसारखाच खेळ, फक्त चेंडूऐवजी प्लॅस्टिकची चकती आणि भोकाऐवजी खांबावर लटकणाऱ्या साखळ्या, खाली तारेची टोपली; ती बास्केट. टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून फेकायचं, डिस्क जिथे थांबेल तिथून पुढची फेक, टोपलीत पडेपर्यंत; हा झाला एक होल. कमीत कमी फेकींत संपवायचं. आधुनिक फ्रिस्बीचं पेटंट ज्याच्या नावावर आहे त्या एड हेड्रिकने १९७५ मध्ये पासाडिनाजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमचा कोर्स आखला. दुसऱ्या वर्षी त्याने खेळाची संघटना, म्हणजे पीडीजीए काढली आणि साखळ्यांच्या बास्केटची कल्पनाही त्याचीच. आयुष्याच्या शेवटी तो सांताक्रूझजवळच्या ला सेल्व्हा बीचला राहायचा. २००२ मध्ये वारल्यावर त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख प्लॅस्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या. गंगेत जाण्यापेक्षा साखळीत जाणं त्याला बरं वाटलं असावं.

डेलाव्हिएगा हा त्याच भागातला जुना, नावाजलेला कोर्स. मास्टर्स कप नावाची मोठी स्पर्धा तिथे वर्षानुवर्षं होत आलीय. ओकची वाकडीतिकडी झाडं, खाली मुळं आणि पाचोळा, आणि कुठेही उभं राहा, जमीन एका बाजूला कललेली. खाली जे सांगतो ते याच जमिनीवरचं आहे. मी उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीवरून आडवा मागे नेऊन फेकतो, म्हणून दिशा त्या हिशेबाने दिल्यात. डावखुऱ्यांनी उलट्या वाचाव्यात.

निघण्याआधी: पिशवी हलकी करा

उघड्या मैदानावर वेगवान ड्रायव्हर, म्हणजे लांब जाणारी डिस्क, ही इज्जतीची गोष्ट असते. झाडीत ती ओझं होते. डिस्कवर चार आकडे छापलेले असतात: वेग, तरंगणं, सुरुवातीला उजवीकडे वळण्याची खोड आणि शेवटी डावीकडे पडण्याची खोड. वेग १२ किंवा १३ ची डिस्क तिच्यात तेवढा जोर घातला तरच सरळ जाते. वीस मीटरवर झाड असताना तेवढा जोर घालायला मन धजत नाही. मग आपण हात आखडतो आणि डिस्क डावीकडे कोसळते.

मी आठ डिस्क नेतो आणि त्यातल्या पाचच वापरतो. दोन पटर, म्हणजे जवळच्या फेकीच्या हळू डिस्क, त्यातला एक टीवरून फेकण्यासाठी. सरळ जाणारी, मधल्या अंतराची मिडरेंज एक, डिस्क्राफ्टची बझ किंवा तिच्या जातीची कुठलीही. फेअरवे ड्रायव्हर एक, इनोव्हाचा लेपर्ड, म्हणजे वेग ६. आणि हमखास डावीकडे पडणारी एक हट्टी डिस्क, जी फोरहँडने, म्हणजे अंगाच्या उजव्या बाजूनेच फेकली की तितक्याच हमखास उजवीकडे पडते. कास्टाप्लास्टची बर्ग नावाची एक मजेशीर डिस्क आहे. तिचा तरंगण्याचा आकडा फक्त १, त्यामुळे ती पडते तिथे बऱ्यापैकी बसून राहते. उतारावरच्या बास्केटसाठी तिच्यासारखी दुसरी नाही, निदान माझ्यापुरती तरी.

प्लॅस्टिक मऊ घ्या. कडक, गुळगुळीत प्लॅस्टिक कोरड्या मातीवर आपटलं की सरपटतं.

रंगाबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण याचे पैसे मी भरलेत. लाल डिस्क दुकानात उठून दिसते, पण झाडाच्या सावलीत ती काळी होते. पिवळी आणि नारिंगी वाळक्या पानांत मिसळून जातात. हिरवीचं तर नावच काढू नका. भडक गुलाबी घ्या, नाहीतर आकाशी. मागे ठळक मार्करने फोन नंबर लिहा. माझ्या हरवलेल्यांपैकी चार डिस्क अनोळखी लोकांनी फोन करून परत दिल्यात.

बूट ट्रेल रनिंगचे, खोल नक्षीच्या तळाचे. उन्हाळ्यातही सकाळी समुद्रावरून धुकं चढतं आणि डिस्क ओली होते, म्हणून दोन नॅपकिन: एक डिस्क पुसायला आणि एक हात पुसायला. पाणी भरपूर, पायात फुलपँट. फुलपँटचं कारण पुढे येईल.

टीवर: उलटा हिशेब

सपाट कोर्सवर आपण टीवरून बास्केटकडे बघतो आणि फेकतो. इथे बास्केटपासून मागे यायचं.

होल नवा असेल तर पिशवी टीवर ठेवा आणि अर्धा फेअरवे, म्हणजे टी आणि बास्केटमधली वाट, चालून या. मागे लोक थांबले असतील तर त्यांना पुढे जाऊ द्या. बघायच्या गोष्टी तीनच. बास्केटच्या भोवती जमीन कुठल्या बाजूला पडते? त्यातल्या त्यात सपाट जागा कुठे आहे? आणि त्या जागेवरून बास्केट मोकळी दिसते का?

ती सपाट जागा हेच तुमचं टीवरचं लक्ष्य. बास्केट दुसऱ्या फेकीला. सपाट जागा बास्केटच्या अलीकडे पंधरा मीटरवर असेल तर पंधरा मीटर अलीकडे थांबा, मान कमी होत नाही. पुढची फेक चढावर असेल तर बहुतेक वेळा थोडं खाली राहिलेलं बरं, कारण चढावरचा पट, म्हणजे बास्केटजवळची फेक, चुकला तरी डिस्क समोरच्या जमिनीत अडकते. बास्केटच्या वरच्या अंगाला गेलात, तर पुढचा पट उतारावर आणि चुकला की दरीत.

थांबायची जागा ठरली, की तिथे पोचणारी वाट, मग वाटेतली फट, मग डिस्क. हा क्रम उलटला की घोळ झालाच. आधी डिस्क हातात घेणारा माणूस तिला जमेल अशी वाट शोधत बसतो.

फट: पहिले वीस मीटर

खेळाडूंमध्ये एक थट्टा आहे की झाड म्हणजे नव्वद टक्के हवा. ज्याने ओकचं खोड ऐकलंय त्याला हसू येत नाही. पण हिशेब करून पाहा. हातातून सुटताना डिस्क तीन अंशांनी चुकली, तर वीस मीटरवर ती साधारण एक मीटर बाजूला असते. साठ मीटरवर तीच चूक तीन मीटरच्या वर जाते. म्हणजे जवळची अडीच मीटरची फट तीन अंशांच्या चुकीला जेमतेम सोडते आणि लांबची तेवढीच फट अजिबात सोडत नाही. म्हणून जवळच्या फटींपैकी सगळ्यात रुंद निवडा, मग ती बास्केटच्या थेट दिशेला नसली तरी चालेल. पुढे वळण डिस्कच्या स्वभावाने घ्या.

आणि जवळच्या झाडाला लागणं सगळ्यात महाग, हे विसरू नका. ऐंशी मीटरवर झाडाला लागली तरी तुम्ही ऐंशी मीटर पुढे आलेले असता. पंधरा मीटरवर लागली तर डिस्क परत पायाशी येऊन पडते, कधी टीच्याही मागे.

आता नजर. फटीत, पलीकडे, एक ठिपका शोधा: पानांतून पडलेला उन्हाचा कवडसा, लांबच्या खोडावरची पांढरी बुरशी, काहीही. डोळे त्या ठिपक्यावर. फटीच्या दोन्ही बाजूंची झाडं डोळ्यांच्या कोपऱ्यात धूसर राहू द्या. ज्या झाडाला चुकवायचं त्याच्याकडे बघत राहिलं की हात तिकडेच जातो, घाटात खड्ड्याकडे बघणाऱ्या दुचाकीवाल्यासारखा.

माझी आणखी एक सवय: फेकण्याआधी उंचीचाही विचार करायचा. ओकच्या फांद्या आडव्या, खाली पसरतात, त्यामुळे फटीला छत असतं. डोक्याच्या उंचीवरून पुढे फार न चढणारी फेक हवी. ती पटर किंवा मिडरेंजला जमते, कारण त्यांना सरळ उडायला कमी जोर लागतो. ऐंशी मीटरच्या आतलं काहीही मी पटरने फेकतो.

पाय: धावू नका

मुळांवर आणि तिरप्या जमिनीवर धावत येऊन फेकणं म्हणजे घोटा मुरगळण्याची सोय. टीवर जागा सपाट असेल तर एक-दोन पावलं घ्या, पण फेअरवेवर उभ्यानेच फेका. उभ्याने माझी फेक वीसेक टक्के कमी जाते, पण दिशा दुप्पट सुधारते.

नियम असा आहे, की डिस्क जिथे थांबली तिथे तिच्या पुढच्या कडेला मिनी, म्हणजे छोटी खुणेची चकती ठेवता येते. तिच्या मागे २० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर लांब अशी पट्टी असते, आणि डिस्क सुटताना एक पाय तरी त्या पट्टीत टेकलेला हवा. दुसरा पाय कुठेही, फक्त मिनीच्या मागच्या बाजूला. उतारावर ही सूट सोन्याची आहे. दुसऱ्या पायासाठी दगड, मूळ, खोडाचा बुंधा असं काहीतरी भक्कम शोधा. आधी दोनदा दाबून बघा. सह्याद्रीत घसाऱ्यावर उतरलेल्यांना हे शिकवावं लागत नाही. वाळक्या ओकच्या पानांचा थर मुरमापेक्षा कमी निसरडा नसतो. पायाखालची सुटी पानं आणि काटक्या बाजूला सारायला नियमाची परवानगी आहे. जिवंत फांदी मोडायला किंवा धरून ठेवायला नाही.

चढावर आणि उतारावर

चढावर फेकताना सगळेच हात उचलतात. हात वर गेला की डिस्कची पुढची कड वर होते, ती हवा पोटावर घेते, थांबते आणि मागे, डावीकडे गळते. उपाय खांद्यांत आहे. चढ जितका तिरका, तितकी खांद्यांची रेघ तिरकी करा, म्हणजे मागचा खांदा खाली आणि पुढचा वर. हात मागे नेताना गुडघ्याकडे न्या आणि पुढे चढाला समांतर आणा. डिस्क त्या रेषेत सपाट हवी. जणू डोंगर सपाट आहे आणि तुम्हीच मागे झुकलायत.

चढावर डिस्कचा वेग लवकर मरतो, त्यामुळे शेवटचं डावीकडे पडणं लवकर सुरू होतं. नेहमीपेक्षा थोडी सरळ किंवा उजवीकडे झुकणारी डिस्क निवडा. अंतराचा ठोकताळा खेळाडू असा धरतात: एक मीटर चढाला तीन मीटर लांबी वाढवायची, उताराला तेवढीच घटवायची. ६० मीटरवरची बास्केट ५ मीटर वर असेल तर ७५ ची फेक हवी. हा काही शास्त्राचा नियम नाही, पण काहीच न धरण्यापेक्षा फार बरा.

उतारावर उलटं. मागचा खांदा वर, पुढचा खाली, हात वरून खाली. लोक इथे घाबरून हात सपाट ठेवतात. सपाट हाताने सुटलेली डिस्क उताराच्या मानाने नाक वर करूनच निघते आणि मग तरंगत, तरंगत, ज्या झाडांचा विचारही केला नव्हता त्यांच्यावर जाऊन बसते. उतारावर डिस्क हवेत जास्त वेळ राहते. म्हणजे तिची प्रत्येक खोड मोठी होते: थोडं डावीकडे पडणारी खूप डावीकडे जाते, आणि वाऱ्याला तर आयतं खेळणं मिळतं. म्हणून उतारावर हळू फेका. जवळजवळ प्रत्येक उतारावर माझ्या मनातली पहिली डिस्क मी परत पिशवीत ठेवतो आणि एक पायरी हळू डिस्क काढतो.

पुढच्या पायावर येणारा भार वेगळाच असतो. गुडघा सरळ ठेवून फेकलंत तर संध्याकाळी तो बोलतो. किंचित वाकवा आणि फेक झाल्यावर पाय टाचेवर फिरू द्या.

घरंगळणारी डिस्क

हा भाग मला कुणी आधी सांगितला असता तर पहिल्या दिवशीची ती पन्नास मीटरची पायपीट वाचली असती.

उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली डिस्क वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांसारखी फिरते. ती डावी कड खाली करून, म्हणजे हायझरवर, उभी आदळली तर तिची फिरकी तिला मागे, तुमच्याकडे ओढते. उजवी कड खाली करून, म्हणजे अॅनहायझरवर आदळली तर ती पुढे पळते. स्वयंपाकघराच्या ओट्यावर वाटीचं झाकण फिरवून उभं टेकवा, लगेच कळेल.

आता हे डोंगरावर लावा. बास्केट तुमच्या वर आहे आणि तुम्ही उंचावरून डावीकडे कोसळणारा छानसा हायझर टाकलात. डिस्क बास्केटजवळ कडेवर पडली, फिरकीने मागे वळली आणि मागे तर उतार. थेट तुमच्या पायाशी येईल आणि बरोबरचे लोक नम्रपणे झाडांकडे बघतील. बास्केट खाली असेल तर धोका उजव्या कडेचा: डिस्क पुढे उठली, की ती थेट दरीत थांबते.

म्हणून चढावरच्या बास्केटला तीव्र हायझर टाळा. सपाट, कमी उंचीची, जीव संपत आलेली फेक हवी, जी जमिनीला पोट लावून बसेल. उतारावरच्या बास्केटला उजवी कड खाली झुकू देऊ नका. आणि जमीन डावीकडे पडत असेल, तर बॅकहँडचं डावीकडे सरणं आणि उतार एकाच बाजूला काम करतात. डिस्क सरकत सरकत निघून जाते. तिथे फोरहँड काढा. ती उजवीकडे, म्हणजे डोंगराच्या अंगाला वळते आणि डोंगरच तिला अडवतो. डोंगराकडे वळणारी डिस्क, दरीकडे नाही: टीवर दुसरं काही आठवलं नाही तरी एवढं आठवा.

झाडीत अडकल्यावर

अडकणारच. तेव्हा पहिलं काम म्हणजे पिशवी खाली ठेवणं आणि एक पूर्ण गिरकी घेऊन सगळीकडे बघणं. आपण बास्केटच्या दिशेची फट शोधत बसतो. बाहेर पडायची रुंद वाट बहुतेक वेळा बाजूला असते, कधी तर मागे. वीस मीटर बाजूला टाकून फेअरवेवर यायची किंमत एक फेक. दोन खोडांमधल्या हातभर फटीतून 'जाईल की' म्हणून टाकलेल्या फेकीची किंमत मी एकदा पाच भरलीय.

गुडघ्यावर बसून फोरहँडची खालून जाणारी छोटी फेक घरच्या अंगणात घोटून ठेवा. झाडीत तिच्याइतकं काहीच उपयोगी पडत नाही. डोक्यावरून उभी टाकायची फेक, टॉमाहॉक, फांद्या वर मोकळ्या असतील तरच.

डिस्क झाडावर अडकली तर तिच्या बरोबर खालच्या जमिनीवरून खेळायचं. दोन मीटरच्या वर अडकल्यास एक फेक दंड असाही नियम आहे, पण तो स्पर्धेत जाहीर केला असेल तरच लागतो. जागा अगदीच अशक्य असेल तर एक फेक दंड घेऊन आधीच्या जागी परत जाता येतं, हा पर्याय लोक विसरतात. मानी माणसं तर मुद्दाम विसरतात.

बास्केटजवळ

दहा मीटरच्या आत पट केल्यावर तोल सावरलेला दाखवून मगच मिनीच्या पुढे पाऊल टाकता येतं. कलत्या जमिनीवर यातच दंड बसतो. पाय फाकवून, आडवं उभं राहा, वजन वरच्या पायावर.

फेकायच्या आधी बास्केटच्या मागे काय आहे ते बघा. मागे चढ असेल तर बिनधास्त साखळीच्या मधोमध मारा. मागे दरी असेल तर स्वतःला खरं विचारा: इथून दहात किती जातात? माझे आठ मीटरवरून सहा जातात. मागे तीव्र उतार असला तर मी आठ मीटरवरून टोपलीच्या पायथ्याशी अलगद टाकतो आणि पुढच्या फेकीला उचलून आत घालतो. बरोबरचे हसतात. उरलेल्या चारातली एक घरंगळली की हसणं थांबतं.

पटची कड उभी ठेवू नका. टोपलीच्या तारेला लागून उभी पडलेली डिस्क हीच सगळ्यात लांब पळते.

शोधणं, आणि बिब्बा

डिस्क सुटली की ती थांबेपर्यंत डोळा काढायचा नाही. वैताग नंतर व्यक्त करा. ज्या झाडामागे ती दिसेनाशी झाली ते झाड मनात पक्कं धरा आणि सरळ त्याच्याकडे चालत जा. वाट वळली तर टीवर एकाला उभं ठेवा, तो हाताने दिशा दाखवेल. एकाने पुढे उभं राहून बघणं तर सगळ्यात उत्तम, फक्त त्याने खोडाआड राहायचं, आणि फेक भरकटली की टीवरून मोठ्याने 'फोर', म्हणजे सावधान, असं ओरडायचं. या टेकडीवर चालणारे आणि कुत्री फिरवणारेही असतात. नियमाने शोधायला तीन मिनिटं मिळतात. त्यानंतर डिस्क हरवली धरून एक फेक दंड आणि आधीच्या जागेवरून पुन्हा.

शोधताना हात कुठेही घालू नका. कॅलिफोर्नियाच्या या टेकड्यांवर पॉयझन ओक नावाचं झुडूप असतं. एका देठाला तीन पानं, ओकसारखी नागमोडी, शरद ऋतूत सुंदर लाल. त्याच्या तेलाने अंगावर पाणीभरले फोड येतात, आठवडा-दोन आठवडे खाज. गावाकडे बिबा उतलेला ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. आणि हे नुसतं साम्य नाही, नातं आहे: पॉयझन ओक, बिब्बा, काजू आणि आंबा एकाच कुळातले. कच्च्या काजूच्या टरफलाचं तेल किंवा आंब्याचा चीक ज्यांना बाधतो त्यांनी इथे जास्त जपावं. हिवाळ्यात पानं गळून नुसत्या काड्या उरतात, तेल मात्र त्यांच्यातही असतं. त्या काड्या ओळखू येत नाहीत, म्हणून फुलपँट. हात लागला तर शक्य तितक्या लवकर साबण आणि भरपूर गार पाण्याने धुवा. डिस्क, पिशवीचा पट्टा आणि बुटांच्या नाड्याही धुवा. मला दुसऱ्यांदा झालं ते नाड्यांवरूनच. रॅटलस्नेकही या भागात असतात, तेव्हा पाचोळ्यात आधी काठी, मग हात.

सत्तावीस नंबर

सगळं एकत्र बघायचं असेल तर डेलाव्हिएगाचा शेवटचा, सत्ताविसावा होल घ्या. त्याला 'टॉप ऑफ द वर्ल्ड' म्हणतात. टी डोंगराच्या माथ्यावर, पायाखाली झाडांचे शेंडे, लांबवर माँटेरे उपसागराचं पाणी आणि बास्केट दीडशे मीटरहून जास्त लांब, पार खाली. इथे उभं राहिलं की पिशवीतला सगळ्यात वेगवान ड्रायव्हर आपोआप हातात येतो. समुद्रावरून समोर वारा असतो, आणि समोरचा वारा डिस्कला आणखी उजवीकडे लोळवतो. नाक जरा वर राहिलं तर ती उचलली जाते आणि बराच वेळ फार देखणी दिसते.

मागच्या ऑक्टोबरमध्ये मी आणि लेक तिथे होतो. शेवटचा होल म्हणून मी बारा वेगाचा ड्रायव्हर पूर्ण ताकदीने सोडला. तो सूर्यात गेला, उजवीकडे झुकला, परत फिरलाच नाही. तिने बझ काढली, उतारासारखा खांदा कलवला, साठेक मीटरवरच्या मोकळ्या जागेत टाकली. तिथून आणखी एक तशीच. मग पटर, बास्केटच्या अलीकडे, खालच्या अंगाला. मग साखळीचा आवाज.

आम्ही तीन मिनिटं शोधलं, मग आणखी दहा मिनिटं नियम सोडून शोधलं. कार्डावर तिचे चार, माझे सहा. ड्रायव्हर गुलाबी आहे, मागे नंबर लिहिलाय.